लेथवर बॅट तासून द्यावी का?

प्रश्न : मी शिवाजी उद्यमनगरात टर्नर म्हणून काम करतो. माझी मुलगी अकरावीत आहे आणि येथील एका क्लबकडून सॉफ्टबॉल खेळते. पालकांनी वर्गणी काढून क्लबसाठी दोन कॉम्पोझिट बॅटा घेतल्या आहेत. त्यांपैकी एक बॅट दोन रुळांमध्ये (रोलरमध्ये) दाबून ‘मोकळी’ करून आणली आहे. दुसरीची टोकाची टोपी काढून आतून थोडे बोअरिंग करून, म्हणजे आतली भिंत तासून द्यावी, असे प्रशिक्षकांनी मला सांगितले आहे. त्यांचे म्हणणे असे की, ताकद शेवटी मुलींचीच असते. खेळून खेळून बॅट मोकळी होतेच, आपण ती लवकर करतो एवढेच. आणि मोठ्या संघांकडे महागड्या बॅटा असतात, तेव्हा आपण फक्त बरोबरी साधतो. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. नाही म्हटले तर मुलीची संघातली जागा जाईल, अशी भीती वाटते. यात खरोखर गैरफायदा आहे का? मी काय करावे?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण ते बोअरिंग करून देऊ नये आणि रुळांत दाबलेली बॅटही स्पर्धेत जाऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु आपण केवळ काय करावे एवढेच विचारलेले नाही, गैरफायदा खरोखर आहे का असेही विचारले आहे, आणि प्रशिक्षकांचे तिन्ही मुद्दे प्रामाणिकपणे मांडले आहेत. त्या मुद्द्यांना उत्तर न देता नुसता नकार सुचवला, तर तो नकार आपल्याला क्लबमध्ये चारचौघांसमोर टिकवता येणार नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फायदा खरा आहे, आणि त्याचे कारण लेथवर काम करणाऱ्या माणसाला इतरांपेक्षा लवकर उमगेल. लाकडी बॅट भरीव असते. तिच्यावर चेंडू आदळतो तेव्हा बॅट जवळजवळ दबत नाही; दबतो तो चेंडू, आणि चपटा होऊन पुन्हा गोल होताना त्याच्यातील बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. कॉम्पोझिट बॅटचे बॅरल, म्हणजे चेंडू लागतो तो जाड भाग, मात्र पोकळ असते. कार्बनच्या आणि काचेच्या तंतूंचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून त्याची भिंत तयार केलेली असते. चेंडू आणि बॅट यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरताच असतो, पण तेवढ्या वेळात ही भिंत आत दबते, ऊर्जा साठवते आणि बाहेर येताना तिचा मोठा भाग चेंडूला परत देते. चेंडू कमी चपटा होत असल्यामुळे त्याच्यात वाया जाणारी ऊर्जाही घटते. याला ट्रॅम्पोलिन परिणाम म्हणतात, आणि कॉम्पोझिट बॅटची सारी किंमत या परिणामासाठी मोजलेली असते.

आता भिंत आतून तासली की काय होते ते पाहा. पातळ कड्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी दहा टक्क्यांनी कमी केली, तर ०.९ चा घन ०.७२९ येतो, म्हणजे जाडी दहा टक्के गेली, पण ताठरपणा सुमारे सत्तावीस टक्के गेला. हा हिशेब एकजिनसी कड्याचा आहे. कॉम्पोझिटमध्ये तंतूंचे थर वेगवेगळ्या दिशांना घातलेले असल्यामुळे नेमका हाच आकडा येईल असे नाही, पण कल तोच राहतो. आतून काढलेले काही थाऊ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, बाहेरून कोणाला दिसणार नाहीत, आणि तरीही बॅरल आधीपेक्षा कितीतरी मऊ झालेले असेल. शिवाय बॅट हलकी झाल्यामुळे ती अधिक वेगाने फिरवता येते. काही जण तर टोपी परत चिकटवण्यापूर्वी आत टोकाशी वजन भरतात, म्हणजे मऊपणाही मिळतो आणि टोकाचा भारही वाढतो. प्रशिक्षक ‘थोडे बोअरिंग’ असे म्हणत असले, तरी या कामात थोडे असे काही नसते, हे आपल्याला आपल्याच धंद्यातून ठाऊक आहे.

याच ठिकाणी एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे, कारण ‘बॅटमध्ये काही केल्याने फारसा फरक पडत नाही’ असे सांगणारे लोक बहुधा लाकडी बॅटची उदाहरणे देतात. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये जून २००३ मध्ये सॅमी सोसा या प्रख्यात खेळाडूची बॅट सामन्यात फुटली, आत बूच भरलेले निघाले आणि त्याच्यावर काही सामन्यांची बंदी आली. पुढे भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅलन नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बूच भरलेल्या बॅटांचा प्रयोगशाळेत अभ्यास केला आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. बूच भरल्याने चेंडू अधिक दूर जात नाही, असे त्यांना आढळले. लाकूड कोरल्याने बॅट हलकी होते आणि लवकर फिरते, पण टक्करीच्या वेळी तिच्यामागचे वजनही तेवढेच कमी पडते. आणि बूच भरलेल्या लाकडात ट्रॅम्पोलिनचा परिणाम काही निर्माण होत नाही. पोकळ कॉम्पोझिट बॅटचे तसे नाही. तिच्यात तो परिणाम मुळातच असतो, आणि भिंत पातळ केली की तो थेट वाढतो. म्हणून सोसाच्या बॅटचे उदाहरण आपल्यासमोर कोणी ठेवले, तर ते आपल्या प्रश्नाला लागू पडत नाही, असे आपण निःशंकपणे सांगावे.

किती वाढतो, हा पुढचा प्रश्न. बॅटला एक मर्यादा घालून दिलेली आहे, आणि गैरफायद्याचा विचार त्या मर्यादेपासूनच सुरू होतो. अमेरिकेतील अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशनने, जी २०१७ पासून यूएसए सॉफ्टबॉल या नावाने ओळखली जाते, २००४ च्या मानकात बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूच्या वेगाला ताशी ९८ मैलांची, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटरची मर्यादा घातली. ही चाचणी माणसाच्या हाताने होत नाही. बॅट मुठीशी एका खुंटीवर फिरेल अशी बसवतात, यंत्रातून ताशी ११० मैल वेगाने चेंडू तिच्यावर सोडतात, आणि तो किती वेगाने परत येतो यावरून हिशेब करतात. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतील लॉइड स्मिथ यांच्या प्रयोगशाळेत अशा चाचण्या होतात. चांगल्या कंपन्यांच्या बॅटा या मर्यादेच्या जितक्या जवळ नेता येतील तितक्या जवळ नेऊन बनवलेल्या असतात. ज्या बॅटवर मान्यतेचा शिक्का आहे, ती कारखान्यातून निघतानाच काठावर उभी आहे असे समजावे. तिची भिंत आतून तासली की ती काठ ओलांडते, आणि मग तो शिक्का खोटा ठरतो.

ताकद मुलींचीच असते, हे प्रशिक्षकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. तासलेली बॅट हुकणारा चेंडू लागू करून देत नाही, नजर देत नाही, वेळ साधून देत नाही. परंतु चेंडू लागला की पुढे काय होते, ते बदलते. इनफिल्डमध्ये अडला असता तो चेंडू दोघींच्या मधून निघून जातो, आणि आउटफिल्डरच्या हाती विसावला असता तो तिच्या डोक्यावरून जातो. खासबागेत अंगाला तेल चोळून उतरलेल्या मल्लाची ताकदही त्याची स्वतःचीच असते, तरीही समोरच्याची पकड निसटते ती त्या ताकदीमुळे निसटते असे कोणी वस्ताद म्हणणार नाही. आपल्या मुलींनी उन्हातान्हात सराव करून कमावलेला फटका किती जोराचा आहे, हे मोजण्याचे साधनच आपण बिघडवतो आहोत, हे मला यात सर्वांत वाईट वाटते. त्यांच्या खऱ्या फटक्याचे श्रेयही मग संशयात सापडते.

दुसरा मुद्दा रुळांचा, आणि तो मी सहज उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. नवी कॉम्पोझिट बॅट ताठर असते. काही शे चेंडू मारून झाले की रेझिनमध्ये बारीक बारीक तडे जातात, थर किंचित सैल होतात आणि बॅट खुलते. बनवणारेच सांगतात की नवी बॅट सुरुवातीला निम्म्या जोराने वापरावी आणि प्रत्येक फटक्यानंतर मुठीत थोडी फिरवावी, म्हणजे बॅरल सर्व बाजूंनी सारखे खुलेल. रुळांत दाबल्यानेही तडे तसेच जातात. मग जे आठवड्यांत होणार होते ते तासाभरात केले, तर बिघडले कोठे?

या प्रश्नाशी अमेरिकेतील संघटनाही झगडल्या आहेत. नव्या असताना चाचणीत उत्तीर्ण झालेल्या कॉम्पोझिट बॅटा वापरानंतर मर्यादा ओलांडतात, असे दिसल्यावर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने, एनसीएएने, २००९ मध्ये बेसबॉलमधील कॉम्पोझिट बॅरलच्या बॅटांचा वापर थांबवला, आणि २०१० च्या अखेरीस मुलांच्या लिटल लीगनेही तसाच निर्णय घेतला. त्यानंतर चाचणीची पद्धत बदलली. आता प्रयोगशाळेतच बॅट रुळांत दाबून, तिला मुद्दाम जुनी करून, मग मोजतात. कारण बॅट आयुष्यात कधीही मर्यादेबाहेर जाता कामा नये, ही जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली गेली. म्हणजे प्रशिक्षकांनी मांडलेला मुद्दा नियम करणाऱ्यांनी ऐकला होता, तपासला होता, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, रूळ परीक्षकाच्या हाती शोभतात, खेळाडूच्या हाती नाही. प्रयोगशाळेत दाबलेली बॅट पुढच्याच क्षणी मोजली जाते. आपल्या क्लबची बॅट कोणी मोजली? कोठवर दाबली, कितीदा दाबली, कोणत्या बाजूने जास्त दाबली, याची काही नोंद आहे काय? खेळून खुललेली बॅट जिथे थांबली असती तिथे रुळांतली बॅट थांबवली गेली, असे छातीठोकपणे सांगणारा कोणीही नाही, आणि मर्यादेच्या आत थांबण्यासाठी बॅट कोणी रुळांत देत नाही.

आणखी एक गोष्ट. जी मुलगी काही शे चेंडू मारून बॅट खुलवते, तिच्या हाती अखेरीस खुललेली बॅट असते आणि तेवढ्या फटक्यांचा सरावही असतो. रुळांनी यांतला सराव काढून घेतला. अकरावीतल्या खेळाडूंसाठी हा तोटा लहान नाही. दोन्ही प्रकारांत बोअरिंग अधिक गंभीर आणि रूळ त्याहून कमी गंभीर, असे मी मानतो. परंतु नियमाच्या दृष्टीने दोन्हींमुळे बॅट मूळ स्थितीत राहिलेली नसते.

तिसरा मुद्दा बरोबरीचा, आणि तो मला सर्वांत जास्त बोचला, कारण त्यामागची वेदना खरी आहे. वरच्या दर्जाची कॉम्पोझिट बॅट अमेरिकेतच तीनशे-चारशे डॉलरना पडते. आपल्याकडे येईपर्यंत ती तीस हजारांच्या सहज पुढे जाते. वर्गणी काढून बॅट घेणाऱ्या क्लबने मोठ्या संघांच्या किटकडे पाहून हळहळणे मी समजू शकतो. परंतु त्या महागड्या बॅटलाही तीच ९८ मैलांची मर्यादा आहे. जास्त पैशांत वजनाचा तोल, चेंडू नीट बसण्याची मोठी जागा आणि हाताला कमी झिणझिण्या, एवढे मिळते; मर्यादा ओलांडण्याचा परवाना मिळत नाही. तासलेली बॅट घेऊन आपला संघ त्या श्रीमंत संघाच्या बरोबरीला येणार नाही, तो त्याच्या पलीकडे जाईल. आणि आपल्या जिल्ह्यात केवळ दोनच प्रकारचे संघ नाहीत. शाहूवाडी, भुदरगड, आजऱ्याकडच्या एखाद्या शाळेचा संघ एका जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटवर सगळ्या मुलींची फलंदाजी भागवत असेल, तर आपल्या क्लबची ही तथाकथित बरोबरी त्या मुलींना आणखी मागे ढकलते. शालेय आणि असोसिएशनच्या स्पर्धांतील यश आपल्या राज्यात नुसत्या ढालीपुरते नसते. दहावी-बारावीचे क्रीडागुण त्याच्याशी जोडलेले आहेत, आणि वरच्या पातळीवर पोहोचलेल्या खेळाडूसाठी शासकीय नोकरीतील पाच टक्के आरक्षणही. एका तासलेल्या बॅटने कोणाचे तरी प्रमाणपत्र कोणाच्या तरी हाती जाऊ शकते, आणि ज्या मुलीचे ते गेले तिला कधी कळणारही नाही.

बरोबरीच हवी असेल, तर तिचा एक सरळ मार्ग आहे. आयोजकांनी तपासलेल्या दोन-तीन बॅटा मैदानावर ठेवाव्यात आणि दोन्ही संघांनी त्याच वापराव्यात, अशी मागणी आपल्या क्लबने लेखी करावी. जिल्हा पातळीवर हे अवघड नाही, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्या संघांनाही याचा लाभ होईल. प्रशिक्षकांना बरोबरीची खरी तळमळ असेल, तर त्यांनी या मागणीवर पहिली सही करावी.

येथवर मी न्याय-अन्यायाबद्दल लिहिले. एक भाग मात्र याहून जवळचा आहे. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीची, पट्टी बॅटरजवळच्या होमप्लेटपासून ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे १३.१ मीटरवर असते. चेंडू टाकताना ती पाऊल पुढे टाकते, त्यामुळे चेंडू सुटल्यावर ती साधारण ३८ फुटांवर आलेली असते. ताशी ९८ मैल वेगाने सरळ तिच्याकडे आलेल्या चेंडूला, हवेचा विरोध सोडला तर, हे अंतर कापायला सुमारे ०.२६ सेकंद लागतात. समजा बॅट तासल्यामुळे वेग पाच मैलांनी वाढला, तर ०.२५ सेकंद. फरक फार लहान वाटतो. पण डोळ्यांनी पाहून शरीर हलायला लागेपर्यंतच माणसाचे सुमारे ०.२ सेकंद जातात. ग्लोव्ह चेहऱ्यापुढे आणण्यासाठी जे काही उरते, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा त्या पाच मैलांनी खाल्लेला असतो. आपल्या कनिष्ठ गटातल्या मुली एवढ्या वेगाने चेंडू मारत नाहीत, हे मला मान्य आहे, आणि मी आपल्याला भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. परंतु समोर पिचिंग करणारी मुलगीही कनिष्ठ गटातलीच असते, तिची चपळताही त्याच वयाची असते, आणि आपल्याकडे पुष्कळ पिचर चेहऱ्यावर मास्क न लावता उभ्या राहतात. बंट, म्हणजे बॅटने हळूच टेकवलेला चेंडू, अडवण्यासाठी पहिल्या आणि तिसऱ्या बेसवरच्या मुली पुढे सरकून उभ्या असतात, त्यांनाही वेळ तेवढाच मिळतो. वेगाची मर्यादा पाळण्याचे महत्त्व या अंतरांवरून कळते. सरावात ही बॅट कोणासमोर चालेल, याचाही विचार करावा. आपल्याच क्लबची पिचर समोर असेल. कदाचित ती आपली मुलगीच असेल.

धोका बॅट धरणाऱ्या मुलीलाही आहे. भिंत पातळ झाली की थर सुटतात, बॅरलला लांब चीर जाते, आणि परत चिकटवलेली टोपी एखाद्या जोराच्या फटक्याला निघून मैदानात भिरभिरत जाऊ शकते. आपल्या स्वतःच्या तब्येतीचाही विचार करावा. कार्बन आणि काचेचे तंतू कापताना उडणारी धूळ त्वचेला, डोळ्यांना आणि श्वासनलिकेला त्रास देते, आणि कार्बनची धूळ विजेची वाहक असल्यामुळे मोटारीत शिरली तर तिचेही नुकसान करते. पोलादाची चीप झाडून टाकावी तशी ती झाडून टाकता येत नाही.

नियमाची बाजू थोडक्यात सांगतो. सॉफ्टबॉलचे नियम नुसती अवैध बॅट आणि मुद्दाम बदललेली बॅट यांत फरक करतात. बदललेली बॅट घेऊन बॅटर बॉक्समध्ये आली, की ती बाद ठरते आणि तिला सामन्यातून बाहेर काढले जाते. मुठीची जुनी ग्रिप काढून दुसरी नियमातली ग्रिप बसवणे याला बदल समजत नाहीत. बॅटच्या आत काही भरणे किंवा आतून काही काढणे याला समजतात. शिक्षा कोणाला होते ते पाहावे. ज्याने लेथ चालवली त्याला होत नाही, ज्यांनी सांगितले त्यांना होत नाही. सगळ्यांसमोर मैदान सोडून जावे लागते ते त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला, जिला बॅटच्या आत काय आहे हे कदाचित माहीतही नसते.

यावरूनच मला वाटते की, घरी मुलीला सर्व काही सांगावे. तिची जागा जाण्याची शक्यता आहे, हेही लपवू नये. ती या वयात समजूतदार आहे, आणि बॅट हाती घेण्याचा धोका तिच्या नावावर आहे. तिचे म्हणणे ऐकून घेतल्यावर आपण प्रशिक्षकांना मैदानावर न गाठता, सरावाच्या वेळेबाहेर, शक्यतो आणखी एका पालकाला बरोबर घेऊन भेटावे. त्यांच्यावर आरोप करण्याची गरज नाही. बहुतेक प्रशिक्षक तुटपुंज्या मानधनावर, स्वतःच्या खिशाला खार लावून मुली तयार करत असतात, आणि असा मोह त्यांना जिंकण्याच्या दडपणातून होतो. एवढेच सांगावे की, ‘सर, हे काम मी करणार नाही, आणि दाबून आणलेली बॅटही स्पर्धेच्या किटमध्ये जाऊ नये अशी आमची विनंती आहे.’ कारण विचारले तर पिचरच्या अंतराचे कारण आधी सांगावे, नियमाचे नंतर. दुसऱ्या एखाद्या वर्कशॉपमधून ते काम होईल, असे ते म्हणू शकतात. तरीही आपला नकार कायम ठेवावा, कारण उद्यमनगरात लेथ पुष्कळ आहेत हे आपण आपली लेथ चालवण्याचे कारण होऊ शकत नाही.

नकारामुळे मुलीला वगळले, तर क्लबच्या पदाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, आणि तिथे दाद लागली नाही तर जिल्हा संघटनेकडे जावे. आपल्या विनंतीनंतरही ती बॅट स्पर्धेच्या ठिकाणी पोहोचली, तर पहिला सामना सुरू होण्यापूर्वी पंचांना सांगावे. हे सांगणे जड जाईल, क्लबमधले काही जण दुरावतील, हे मी जाणतो. परंतु सामन्याआधी सांगितले तर बॅट बाजूला ठेवली जाते आणि विषय तेथेच संपतो. सामना सुरू असताना बॅट पकडली गेली तर एक मुलगी बाहेर जाते. या दोहोंपैकी मुलींना कमी इजा कशात आहे, हे वेगळे सांगायला नको.

दाबलेल्या बॅटचे काय करावे, हेही आपल्या मनात असेल. ती सरावासाठी ठेवू, असे कोणीतरी सुचवेल. मी ती ठेवू नये असे म्हणेन, कारण सरावाची बॅट गडबडीत किटच्या पिशवीत जाते, आणि पिचरसमोर ती सरावातही तितकीच जिवंत असते. वर्गणीचे पैसे गेल्याचे दुःख होईल. तरी बॅरल मधोमध कापून टाकावे. त्या कापलेल्या तुकड्यात भिंत किती पातळ असते आणि थर कसे असतात, हे मुलींना दाखवता येईल, आणि मला वाटते ते पाहून त्यांना बॅटबद्दल खूप काही कळेल. कापताना पाणी वापरावे आणि नाकाला चांगला मास्क लावावा.

आपल्या हातातील कौशल्य स्पर्धेच्या कामी यावे, अशी इच्छा असेल तर त्यालाही जागा आहे. नियमाप्रमाणे बॅटचा सर्वांत जाड भाग व्यासाने सव्वादोन इंचांपेक्षा, म्हणजे ५७.१५ मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये, आणि गोल बॅट फुगण्यासाठी १/३२ इंचाची, सुमारे ०.८ मिलिमीटरची सूट पारंपरिकपणे दिली जाते. माप बसते की नाही एवढेच दाखवणारे गो–नो गो गेज आपण करता तशी याच मापाची एक रिंग पोलादात किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये करून जिल्हा स्पर्धेच्या पंचांना द्यावी. माप पक्के करण्याआधी त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतील आकडा त्यांच्याकडून पाहून घ्यावा. फुगलेले किंवा आकार बिघडलेले बॅरल त्या रिंगमध्ये अडकू शकेल. आतून तासलेली बॅट मात्र रिंगमधून सहज जाईल, हे पंचांना आवर्जून सांगावे. तिच्यासाठी टोपीच्या कडेला नव्या गोंदाची रेघ किंवा पकडीचे ओरखडे आहेत का ते पाहावे, बॅट कानाशी धरून हलवून आत काही वाजते का ते ऐकावे, छापील वजन आणि प्रत्यक्ष वजन काट्यावर ताडून घ्यावे, आणि बॅरल अंगठ्याने दाबताना कटकट असा आवाज आला तर ती बॅट त्या दिवसापुरती पंचांच्या टेबलाखाली ठेवावी.